एस्तेरच्या उपासाचा गुरुवार

असं समजा, की उद्या सकाळी तुम्हाला एकतीस पोरं घेऊन वाळवंटात जायचं आहे. पोरं कॉलेजातली, विशीच्या आगेमागे, परदेशातून दहा दिवसांसाठी आलेली. चालायचं अंतर फार नाही, सात किलोमीटर. वाटेत फोन लागत नाही, गाडी पोचत नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी आहे, आणि तुमचं काम एवढंच की ते पाणी पाठीवरून पोटात जातंय की नाही ते बघायचं. कसं बघाल? विचाराल? विचारलं की सगळे हो म्हणतात. बाटल्या तपासाल? बाटली अर्धी झाली म्हणजे अर्धं पाणी प्यायलं, असं तुम्ही धरून चालाल.

मीही धरलं होतं. खरं तर मला तरी कळायला हवं होतं. मी वाळवंटाच्या कडेच्या येरुहाम गावात पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम करतो. टाकीतली पातळी उतरली म्हणून पाणी घरोघर पोचलं असं आम्ही कधीच मानत नाही. मध्ये कुठे गळती आहे का, ते आधी बघतो.

मसूदामावशी बाटलीकडे बघतच नसे. ती गळ्याकडे बघायची.

मसूदा एलहरार, वय एकसष्ट, आमच्या गावची निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षं ती गावच्या बाळांच्या दवाखान्यात होती, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या अर्ध्याअधिक येरुहामच्या दंडावर तिची सुई टोचलेली आहे. माझ्याही. मी तेव्हा इतका रडलो होतो म्हणे, की बाहेर भाजीवाल्याने दुकान सोडून डोकावून बघितलं. ही गोष्ट ती अजून चारचौघांत सांगते आणि वर म्हणते, "आता हा साहेब झालाय. पंप रडायला लागले की हा त्यांना गप्प करतो."

सात वर्षांची असताना ती अ‍ॅटलस पर्वतातल्या एका खेड्यातून आईबापाबरोबर इथे आली. गाव तेव्हा म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी. तिची आई फ्रेहा ट्रकमधून उतरली आणि तिने पहिलं काही विचारलं असेल तर विहीर कुठे आहे हे. विहीर नाही, पाणी नळाने येतं, असं कळल्यावर फ्रेहाबाईने पुढची तीस वर्षं रोज रात्री घरातली सगळी पातेली भरून ठेवली. नळावर तिचा विश्वास नव्हता. मसूदामावशी म्हणते, आम्ही सगळे आईला हसायचो, पण अविश्वास कसा करायचा ते मी तिच्याकडूनच शिकले.

तो अविश्वास पक्का झाला तो एका मे महिन्यात. दवाखान्यात तिला फारशी वर्षं झाली नव्हती. दुपारी एक जीप दारात येऊन थांबली आणि दोघांनी एका पोराला उचलून आत आणलं. एकोणीस वर्षांचा, चांगला उंचापुरा. मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला होता. अंग भट्टीसारखं, घाम एक थेंब नाही. बाळांच्या दवाखान्यात काय असणार? तिने होतं नव्हतं ते सगळं पाणी त्याच्यावर ओतलं, पंखे लावले, सलाईन चढवलं. बीरशेबा शहरातून रुग्णवाहिका येईपर्यंत तो गेलेला होता. नंतर त्याची पिशवी आवरताना तिला आत दोन बाटल्या सापडल्या, दोन्ही भरलेल्या. सगळे थांबत नव्हते म्हणून त्याला एकट्याने थांबायची लाज वाटली होती.

तिचा नवरा मीमून फॉस्फेटच्या खाणीत होता. कासाब्लांकाचा. त्याला राग आला की तो फ्रेंचमध्ये भांडायचा, आणि त्याला त्याच भाषेत उत्तर देता देता मावशीचं फ्रेंच सुधारलं. मीमून गेला, ती निवृत्त झाली, मुलगा हैफाला. घरात भांडायला कोणी उरलं नाही. तेव्हापासून ती सहलींबरोबर परिचारिका म्हणून जायला लागली. नियमाने प्रत्येक गटाबरोबर एक जण लागतोच, आणि फ्रेंच बोलणारी परिचारिका गावात ती एकटी; मला येतं ते मोडकंतोडकं. शेवटचं माणूस मागे राहू नये म्हणून रांगेच्या शेपटाला एक जण लागतो. सुट्टी मिळाली की तो मी.

तिची पद्धत ठरलेली. दर चाळीस मिनिटांनी थांबायचं. सगळ्यांना अर्धगोलात उभं करायचं आणि आपण एखाद्या दगडावर चढायचं. मग बाटली वर धरून ती पाण्याचा आशीर्वाद मोठ्याने म्हणायची: ज्याच्या शब्दाने सारं झालं, त्या विश्वाच्या राजाचा जयजयकार. सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि तिच्याबरोबर प्यायचं. श्रद्धाळू असो की नसो, सुटका नाही. आणि ते पीत असताना तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गळ्यांवरून फिरायची. घोट गेला की गळा हलतो. हलला नाही की ती नाव घेऊन सांगायची, "अरे राजा, तोंडात धरून काय ठेवलंयस, चूळ भरायला आलायस का?"

त्या वर्षी मार्चमध्ये स्ट्रासबुर्गहून ज्यू विद्यार्थ्यांचा एक गट आला. पुरीमचा सण रविवारी होता. सणाच्या आधी वाळवंट बघायचं, मग सणाला जेरुसलेम, असा त्यांचा बेत. गुरुवार आमच्याकडे. सहल ठरवणाऱ्यांनी जानेवारीत मावशीला फोन केला, तेव्हा तिने बोटं मोजली. पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा उपास असतो, पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत निर्जळी. पुरीम रविवारी, म्हणजे आदला दिवस शनिवार. गुरुवार मोकळा. ती हो म्हणाली.

इथेच चूक झाली, आणि ही चूक आमच्यातलंच माणूस करू जाणे. शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी उपास करत नाहीत. शुक्रवारीही नाही, कारण शब्बाथ त्याच संध्याकाळी लागतो आणि उपाशीपोटी त्यात शिरायचं नसतं. म्हणून अशा वर्षी उपास मागे सरकतो आणि गुरुवारी येतो. असं वर्ष दर थोड्या वर्षांनी येतंच. मावशी हा उपास लहानपणापासून धरत आलेली. आई होती तेव्हा आईबरोबर, आई गेल्यावर आईच्या नावाने. आदल्या रात्री तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरात तेरा अदार या उपासाच्या तिथीचा रकाना पुन्हा बघितला. शनिवार. काही लिहिलेलं नव्हतं. दोन रकाने अलीकडे बारीक अक्षरात काय छापलंय ते तिने बघितलं नाही.

सकाळी सहाला वसतिगृहाच्या अंगणात तिने पोरांबरोबर काचेच्या पेल्यात कॉफी घेतली. पाव, उकडलेली अंडी, ऑलिव्ह, तिखट लावलेला मासा. गटाचा म्होरक्या जेरेमी काह्न नावाचा मुलगा होता, बडबड्या, सतत यादी हातात. त्यालाही उपासाचा पत्ता नव्हता. पुरीमला सगळे सोंगं घेतात, त्यासाठी आणलेला गाढवाचा मुखवटा घालून त्याने हजेरी घेतली. तेव्हाच वारा सुटलेला होता. पूर्वेचा, कोरडा, धुळीचा, खमसीन. मार्चमध्ये असा एखादा दिवस जूनसारखा येतो. मावशीने आभाळाकडे बघितलं आणि सगळ्यांना नाकातोंडावर रुमाल गुंडाळायला लावले. पोरांनी ते गळ्यापर्यंत गुंडाळले. बहुतेकांचे गळे दुपारपर्यंत झाकलेलेच राहिले.

बसमध्ये अनाएल वोर्म्सर पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, सडपातळ, वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वाट्याचा अंडं भरलेला पाव तिने मागच्या मुलाला दिला. त्याने विचारलं, का गं, अंडं कोशर नाही का, धर्मात बसत नाही का? मागून कोणी तरी म्हणालं, रब्बीणबाईंना आमच्या हातचं चालत नाही. बस हसली. आठवडाभर तिला हेच, धर्मगुरूच्या बायकोचं, नाव पडलं होतं, कारण शब्बाथला ती फोनला हात लावत नसे. तीही थोडंसं हसली आणि बाहेर बघत बसली. फोन मात्र आज तिच्या हातातच होता.

पहिला थांबा मोठ्या उखळातला. डोंगराच्या पोटात खोल गेलेला हा खळगा, त्याला आमच्याकडे उखळच म्हणतात. तिथे रंगीत वाळूचे थर आहेत. लाल, जांभळे, पिवळे, पांढरे. येणारा प्रत्येक जण बाटलीत थरावर थर भरून घरी नेतो, हे आमच्या आजोबांच्या काळापासून चालू आहे. पोरं गुडघ्यांवर बसून वाळू भरत होती. बसचा चालक औदा, रहात गावचा बदू अरब, चाकाच्या सावलीत उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो तर तो म्हणाला, "तुमच्या एका पाहुणीने झुडपाला पाणी पाजलं. बाटलीभर."

मी म्हटलं, नवीन लोक आहेत, झाडांची दया येते त्यांना.

तो म्हणाला, "दया नाही. लपून ओतलं. ती पुढच्या बाकावरची. रोजा आहे का रे तुमचा आज?"

मी हसलो. त्याला समजावून सांगितलं, की पुरीम रविवारी, उपास आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी यायला हवा, पण शनिवारी उपास असूच शकत नाही. इथपर्यंत आलो आणि माझं डोकं थांबलं. असूच शकत नाही, तर मग तो जातो कुठे, हा पुढचा प्रश्न मला पडला नाही. औदा म्हणाला, "तुमचं तुम्हाला माहीत. तोंड बघ तिचं. रमझानच्या तिसऱ्या प्रहरी माझ्या बायकोचं असं असतं." तेवढ्यात जेरेमीने हाका मारल्या. मी मावशीला काही सांगितलं नाही. विसरलो असंही नाही, सांगण्यासारखं वाटलं नाही.

साडेदहाला आम्ही कोरड्या नाल्यात उतरलो. बस वळसा घालून पलीकडे कुंडापाशी येणार होती. नाल्यात शिरलं की फोनची रेघ जाते. अनाएल शेवटच्या वळणावर थांबून फोनकडे बघत उभी राहिली. मी रांगेच्या शेवटी, त्यामुळे मलाही थांबावं लागलं. मी म्हटलं, आता चार वाजेपर्यंत काही येणार नाही, ठेवून दे. ती म्हणाली, हो, आणि ठेवला.

दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, खाली गोटे. वारा वरून जात होता, पण खाली उष्णता साचलेली. बाराला माझ्याजवळच्या तापमापकावर सदतीस होते. मावशी नेमाने थांबवत होती, दगडावर चढत होती, आशीर्वाद म्हणत होती. आमेन ऐकू यायचं, बाटल्या वर जायच्या. अनाएलची बाटलीही वर जायची, आणि प्रत्येक थांब्याला तिच्यातली पातळी उतरलेलीही असायची. माझा हिशेब मी मनात करत होतो, तासाला पाऊण लिटर, बरोबर आहे.

दोनच्या सुमाराला ती बसली. पडली नाही, चालता चालता एका दगडावर नीट बसली, जसं काही तिथेच यायचं होतं. मी जवळ गेलो. दंडावर काटा आला होता, त्या उन्हात. मी नाव विचारलं तर उत्तर द्यायला तिला वेळ लागला. मी शिट्टी वाजवली.

मावशी त्या गोट्यांवरून या वयात कशी धावत आली मला माहीत नाही. तिने अनाएलचा रुमाल सोडवला, मनगट धरलं, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. आम्ही दोघांनी तिला भिंतीच्या सावलीत नेलं. जेरेमीला सांगितलं, बाकीच्यांना पुढच्या वळणावर बसव आणि तोंड बंद ठेव. मावशीने स्वतःचं पाणी तिच्या मानेवर, काखेत ओतलं आणि बाटली ओठांना लावली. अनाएलने ओठ मिटून घेतले.

मावशी म्हणाली, पोरी, पी, तुझी इडापिडा मला लागो, पी. ती मान हलवत राहिली. तेव्हा मला औदाचं बोलणं आठवलं आणि मी ते सांगितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं. मग तिचे ओठ हलले, ती पुन्हा बोटं मोजत होती. रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. मोजून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाली, "उपास आहे तुझा."

"सगळ्यांचाच आहे," अनाएल म्हणाली. जीभ टाळूला चिकटत होती तिची. "तुमचाही."

मावशीने तिला समजावलं. जीव वाचवायला उपास मोडायचा, हे धर्मातच सांगितलंय. आजारी माणसाने हा उपास धरायचा नाही, हा तर लहानसा उपास. अनाएलला हे सगळं पाठ होतं. ते ऐकून झाल्यावर तिने जे सांगितलं, ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिचा धाकटा भाऊ नातान, पंधरा वर्षांचा. डोक्यात गाठ. आज तिकडच्या सकाळी दहाला त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेणार होते, सहा-सात तास लागतील असं म्हणाले होते. ती येणारच नव्हती, त्यानेच हट्ट केला. तू जा आणि मला वाळूची बाटली आण, म्हणाला. तारीख कळली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा उपासाचाच दिवस आहे. एस्तेर राणीला बोलावणं नसताना राजासमोर जायचं होतं, आणि तसं जाणं म्हणजे मरण. तेव्हा ती आत जाण्याआधी म्हणाली होती, बाहेर तुम्ही सगळे माझ्यासाठी उपाशी राहा.

"तो आत आहे," अनाएल म्हणाली. "मी प्यायले तर बाहेर कोण राहिलं?"

मी उभा होतो, ऐकत होतो. मला वाटलं, आता मावशी तिला सांगेल, की तुझ्या पाण्याचा आणि त्याच्या गाठीचा काही संबंध नाही. चौतीस वर्षं तिने गावातल्या बायकांना हेच सांगितलं होतं. नजर लागत नाही, ताप उतरायला काळा दोरा लागत नाही, औषध लागतं. पुढे मी तिला विचारलंही, तेव्हा का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "ती डॉक्टर होणार होती रे. तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माहीत असूनच बसली होती ना?"

त्या वेळी तिने वेगळंच केलं. बाटलीचं झाकण लावलं, बाटली अनाएलच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात मागे घेतले.

"मी राहीन," ती म्हणाली. "आत्तापासून चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. तुझा उरलेला उपास मला दे आणि तू पी."

"तुम्ही सकाळी कॉफी प्यायलात. मी बघितलं."

"प्यायले. विसरून. विसरून खाल्लं तर आठवल्यापासून उरलेला दिवस पाळायचा, हे मला माझ्या आईने शिकवलंय. आधीचा तुझा, पुढचा माझा. मध्ये जागा रिकामी राहणार नाही."

अनाएलने बाटली मांडीवर ठेवली. मग विचारलं, "असं देता येतं?"

"देता येतं," मावशी म्हणाली. एवढ्या ठामपणे म्हणाली, की मलाही खरं वाटलं.

अनाएलने स्वतः आशीर्वाद म्हटला. आम्ही दोघांनी आमेन म्हटलं. आणि तिचा गळा हलला. मावशीने सवयीने घड्याळात बघितलं. परिचारिकेची सवय, औषध दिलं की वेळ बघायची. दोन वाजून वीस मिनिटं.

एकदम पिऊ दिलं नाही तिने. घोट, मग थांब, मग घोट, मिठाची पुडी, पुन्हा घोट. तासाभराने दंडावरचा काटा गेला, नाडी खाली आली, आणि ती उभी राहून म्हणाली, चालू शकते मी. आम्ही निघालो. मावशीच्या पिशवीचा पट्टा धरून ती तिच्या बाजूने चालत होती.

तेव्हा मी मावशीशी भांडलो, हलक्या आवाजात आणि आमच्या भाषेत, पोरांना कळू नये म्हणून. म्हटलं, तू एकसष्ट वर्षांची आहेस, तुझं अर्धं पाणी तू तिच्या मानेवर ओतलंयस, तूच आडवी झालीस तर या एकतीस जणांना मी एकटा कुठे नेऊ? नियम तुझेच आहेत ना? ती म्हणाली, हो, नियम माझेच आहेत. मी म्हटलं, पी दोन घोट, तिला कळणार नाही. यावर ती थांबली. "तिलाही असंच वाटलं होतं बघ," म्हणाली. "कोणाला कळणार नाही." आणि पुढे चालायला लागली.

पुढच्या थांब्याला अडचण आली. पाणी प्यायचं नसेल तर पाण्याचा आशीर्वाद म्हणता येत नाही, तो फुकट जातो. मावशीने सगळ्यांना गळ्यावरचे रुमाल सोडायला लावले, पण ती दगडावर चढलीच नाही. तिने जेरेमीला सांगितलं, आज तू म्हण. जेरेमीला पहिले चार शब्द आले आणि तो अडकला. कोणी तरी फिसकन हसलं. मग रांगेतून अनाएलने सावकाश एकेक शब्द सांगितला, त्याने तिच्यामागून म्हटला, आणि एकतीस गळे हलले. या वेळी मी गळेच बघत होतो.

साडेचारला कुंड दिसलं. हिरवट पाणी, कडेला औदाची बस. पोरं कपड्यांसकट पाण्यात उतरली. मावशी काठावर पाठ करून बसली. औदाने तिला बघितलं, मग मला बघितलं. त्याने बसचं दार उघडून तिला आतल्या गारव्यात बसवलं आणि पाण्याची बाटली तिच्यासमोरून उचलून दूर ठेवली. रोज्यातल्या माणसासमोर पाणी ठेवू नये, एवढं त्याला कळत होतं.

घाट चढून बस वर आली तसे फोन वाजायला लागले. एकदम तीस फोन, चिमण्यांसारखे. मी मागे होतो. अनाएलचं डोकं खाली गेलेलं मला दिसलं. ती वाचत होती. बराच वेळ वाचत होती, मजकूर दोन ओळींचा असावा तरी. मग तिने मान वळवून पलीकडच्या बाकावर बसलेल्या मावशीकडे बघितलं. रडत नव्हती. मावशीने भुवई उंचावून विचारलं, काय? अनाएलने मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

गावात उतरल्यावर तिने जेरेमीला बाजूला घेतलं. अर्ध्या तासात टॅक्सी आली आणि ती विमानतळाकडे गेली. जाताना मावशीपाशी आली, तिचे दोन्ही हात धरले, आणि गेली. मावशीने चांदण्या दिसेपर्यंत वाट बघितली, मग एक खजूर आणि पाणी. पेला रिकामा करून तिने लगेच दुसरा भरला. मी हे बघत होतो आणि मला तिचा राग येत होता.

शुक्रवारी सकाळी मावशीने सहल ठरवणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन सगळं लिहून दिलं. उपासाचा दिवस मी चुकले, एक मुलगी धोक्यात आली, मी स्वतः पाणी घेतलं नाही. त्यांनी वाचलं आणि सांगितलं, काही वाईट घडलं नाही ना, मग कशाला कागद. तिने कागद ठेवून घ्यायला लावला. अजूनही ती सहलींना जाते. फक्त आता बस सुटायच्या आधी दारात उभी राहून विचारते, आज कोणाचा कसला उपास आहे का, नवस आहे का, असेल तर माझ्या कानात सांगा. पोरं हसतात. वर्षातल्या भलत्याच दिवशी, सण ना वार, ही बाई उपास विचारते म्हणून. ती हसू देते.

महिन्याभराने येणाऱ्या पेसाखच्या सणाआधी जेरेमीचं पत्र आलं. चांगलं लिहिलं होतं त्याने. सगळ्यांतर्फे आभार, फोटो, आणि शेवटी तीन ओळी. अनाएलचा भाऊ नातान त्या गुरुवारी शस्त्रक्रिया चालू असतानाच गेला. अनाएल सध्या कोणाशी फारसं बोलत नाही. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं. वेळ लिहिली नव्हती. वेळ कोण लिहितं?

मावशीने मला बोलावून घेतलं आणि पत्र वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने विचारलं, आपल्याकडे दोन वीस, तेव्हा तिकडे किती? मी म्हटलं, एक वीस. ती म्हणाली, दहाला आत नेलं असेल तर तीन तास वीस मिनिटं. मग एवढ्या वेळात गाठीपर्यंत पोचतात का, रक्तस्राव केव्हा होतो, असलं काय काय स्वतःशीच बोलली. मी म्हटलं, मावशी, तू परिचारिका आहेस. घोटभर पाण्याने तिकडे काही होत नाही, हे तुला मी सांगायचं का?

ती म्हणाली, नको सांगूस. मला माहीत आहे. पण ती पोर फोन वाचून माझ्याकडे बघत होती ना, तिला वेळ माहीत होती. त्या फोनवर लिहिलेली होती. ती काही तरी मोजत होती, मी नाल्यात मोजत होते तशी.

मी म्हटलं, लिहून विचार तिला. त्यावर मावशीने टेबलाचा खण उघडून दाखवला. तीन पत्रं सुरू केलेली होती, तिन्ही पहिल्या ओळीनंतर थांबलेली. ज्या मुलीचा भाऊ गेला तिला कितीला गेला असं विचारायचं कसं, आणि विचारून जे उत्तर येईल ते हातात घेऊन काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. त्याला दोन वर्षं झाली. अनाएलने काही लिहिलं नाही, मावशीनेही नाही. एस्तेरचा उपास आता ती कॅलेंडरात तीनदा बघते, आणि त्या दिवशी दुपारी कधी मी तिच्याकडे गेलो तर ती घड्याळाकडे तोंड करून बसलेली असते.

मागच्या वेळी मी गेलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ती आपणहून बोलली.

"एवढंच कळलं तर मला पुरे," म्हणाली. "तो गेला, तेव्हा बाहेर उपाशी कोण उभं होतं? ती की मी?"